मेडिकेड आणि मेडिकेअर पार्ट डी : औषधांचे पैसे नेमकं कोण देतं?

अमेरिकेत ग्रीन कार्डवर मुलांकडे राहायला आलेले काही आईवडील आधी मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यावर असतात. पुढे पासष्टी आणि सलग पाच वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण झाली की मेडिकेअर हा दुसरा सरकारी विमाही घेतात. दोन कार्डं हातात आली की घरच्यांना वाटतं, औषधं कुठल्याही कार्डावर मिळतील. तसं होत नाही. मेडिकेअर लागू झालं की त्यांच्या बहुतेक औषधांचे पैसे मेडिकेड देत नाही, बाकीचं मेडिकेड चालू असलं तरीही.

दोन्ही योजना १९६५ सालच्या. मेडिकेअर केंद्र सरकारची, मुख्यतः ज्येष्ठांसाठी. मेडिकेड कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात, म्हणून नियम राज्याराज्यांत बदलतात. फार्मसीतून घ्यायच्या औषधांसाठी मेडिकेअरचा पार्ट डी सुरू झाला तो थेट १ जानेवारी २००६ला. दोन्ही योजनांत असलेल्या सुमारे ६० लाख लोकांची औषधं त्याच दिवशी मेडिकेडकडून पार्ट डीकडे गेली.

खरी मेख औषधांच्या यादीत आहे. ज्या कंपन्यांनी सरकारशी किमतीतल्या सवलतीचा करार केलाय, त्यांची जवळजवळ सगळी औषधं मेडिकेडला द्यावी लागतात, काहींना आधी मंजुरी लागते इतकंच. पार्ट डी मात्र खासगी विमा कंपन्या चालवतात आणि प्रत्येक प्लॅनची यादी वेगळी. एकाच आजारावरची दोन-तीन औषधं यादीत असतील, पण आईला लागू पडलेलं नेमकं तेच नसेल. त्यात स्वतः प्लॅन निवडला नाही तर सरकार एक ठरवून देतं, आणि तो ठरवताना तुमची औषधं कोणती हे पाहिलंच जात नाही. सत्तरीच्या माणसावर हा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मुलांनीच मेडिकेअर सुरू होण्याआधी सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस लिहून मेडिकेअरच्या वेबसाइटवर प्लॅन ताडून पाहावेत.

पैशांची चिंता त्यामानाने कमी. मेडिकेड असलेल्यांना ‘एक्स्ट्रा हेल्प’ ही पार्ट डीच्या खर्चातली मदत आपोआप मिळते, अर्ज करावा लागत नाही, आणि को-पे, म्हणजे औषध घेताना स्वतः भरायचा वाटा, थोडक्या डॉलरांत राहतो. प्लॅन पसंत पडला नाही तर २०२५पासून त्यांना दर महिन्याला फक्त औषधांसाठीच असलेल्या दुसऱ्या प्लॅनमध्ये जाता येतं. इतरांना साधारणपणे १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरपर्यंतच बदल करता येतो, आणि तो १ जानेवारीपासून लागू होतो.

नव्या प्लॅनच्या यादीत चालू औषध नसेल, तर पहिल्या ९० दिवसांत एकदा महिनाभराचा तात्पुरता साठा मागता येतो. तो हक्काने मागा, आणि त्याच महिन्यात डॉक्टरांकडून प्लॅनकडे अपवादाची, म्हणजे यादीत नसलेलं औषध मंजूर करण्याची, विनंती पाठवून घ्या. प्लॅन अजून लागलाच नसेल, तर फार्मसीत दोन्ही कार्डं दाखवून ‘लाय-नेट’ (LI NET) असं नाव घेऊन विचारा. कमी उत्पन्नाच्या लोकांची औषधं मधल्या काळात थांबू नयेत म्हणूनच ती सोय आहे.