एपिंग फॉरेस्ट

एपिंग फॉरेस्ट : लंडनच्या ईशान्य कडेला लागून एसेक्स परगण्यात शिरणारे प्राचीन जंगल. क्षेत्रफळ सुमारे २,४०० हेक्टर. लांबी साधारण १९ किमी., रुंदी मात्र कुठेही फार तर ४ किमी. दक्षिणेला वॉनस्टेड आणि फॉरेस्ट गेट ही लंडनची उपनगरे, उत्तरेला एपिंग गाव. पश्चिमेची ली आणि पूर्वेची रॉडिंग या दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर हा चिंचोळा पट्टा पसरला आहे. वर वाळू-गोटे आणि खाली चिकणमाती अशी ही जमीन नांगराला फारशी मानवणारी नव्हती. शतकानुशतके हे जंगल राजधानीच्या दाराशी टिकले, त्याचे पहिले कारण हेच. दुसरे कारण माणसांचे हक्क, आणि ती कथा मोठी आहे.

‘फॉरेस्ट’ या शब्दाने वाचकाची थोडी फसगत होते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे; जिथे राजाच्या शिकारीचे कायदे चालत तो मुलूख, जुन्या मराठीत ज्याला रमणा म्हटले असते तसा. त्यात झाडी, माळ, दलदल, गावेसुद्धा असत. जमीन स्थानिक जमीनदारांची, हरणे राजाची, आणि गुरे चारण्याचा व लाकूडफाटा नेण्याचा हक्क गावकऱ्यांचा, अशी ही गुंतागुंतीची वहिवाट होती. १२१७च्या वन-सनदेने तिला लेखी आधार दिला. एपिंग हे पूर्वीच्या विस्तीर्ण वॉल्थम फॉरेस्टचे उरलेले अंग आहे. आठव्या हेन्रीने १५४२-४३मध्ये चिंगफर्डच्या टेकाडावर शिकार पाहण्यासाठी तीन मजली लाकडी मनोरा बांधवून घेतला. वरचे मजले तेव्हा उघडे होते. पाहुण्यांनी तिथून हाकलत आणलेली हरणे पाहावीत, जमल्यास बाणही सोडावा. पुढे १५८९मध्ये पहिल्या एलिझाबेथने त्याची दुरुस्ती करवली आणि तो तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आज तिथे संग्रहालय आहे. राणी घोड्यावर बसून जिना चढली, ही आख्यायिका तिथे हमखास ऐकायला मिळते; जिना रुंद आहे खरा.

झाडांकडे नीट पाहिल्याशिवाय हे जंगल कळत नाही. मुख्य वृक्ष बीच, हॉर्नबीम आणि ओक. मधूनमधून बर्च आणि काटेरी पानांचा, बारमाही हिरवा हॉली. मातीत दबलेल्या परागकणांवरून असे दिसते की सॅक्सन काळापूर्वी इथे लहान पानांच्या लाइम वृक्षाचे राज्य होते. बीच आणि हॉर्नबीम नंतर माजले. जुन्या झाडांचे बुंधे पुरुषभर उंचीपर्यंत जाड, गाठाळ, पिळवटलेले असतात आणि तिथून एकाच मुठीतून फुटल्यासारखे अनेक फाटे सरळ आकाशात गेलेले दिसतात. हे निसर्गाचे काम नव्हे, कुऱ्हाडीचे. गुराहरणांचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर खोड छाटायचे, दर दहा-पंधरा वर्षांनी नवे फाटे तोडून न्यायचे, आणि पुन्हा फुटू द्यायचे, अशी ही पद्धत. अशा झाडाला इंग्रजीत ‘पोलार्ड’ म्हणतात. ‘पोल’ म्हणजे डोके. आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, टहाळ तोडून बोडका केलेला ऐन ज्यांनी ठाणे-रायगडात पाहिला आहे, त्यांना ही आकृती ओळखीची वाटेल. छाटणीने झाड मरत नाही, उलट दीर्घायुषी होते. एपिंगमध्ये अशी जुनी बोडकी झाडे पन्नास हजारांच्या आसपास आहेत. त्यांच्या ढोल्या, कुजके गाभे आणि मुळांच्या बेचक्यांत साचणारे पाणी यांवर एक वेगळीच सृष्टी जगते. सांबराच्या शिंगांसारखे जबडे मिरवणारा स्टॅग बीटल हा भुंगेरा इथला. झाडावरच्या पाणी साचलेल्या खळग्यांभोवतीच वाढणारे जिगोडॉन फॉर्स्टरी हे दुर्मीळ शेवाळही इथले.

जंगलाच्या पूर्व कडेवरच्या लाउटन गावाला फांद्या तोडण्याचा हक्क नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत, म्हणजे सेंट जॉर्जच्या दिवसापर्यंत असे. हिवाळ्यात चूल पेटती ठेवण्याची गरिबाची सोय ती हीच. मोसमाच्या पहिल्या मध्यरात्री कुणीतरी पहिली फांदी तोडलीच पाहिजे, नाहीतर हक्क बुडाला, अशी लोकांची समजूत होती. एका वर्षी जमीनदाराच्या बाजूने लाकूडतोड्यांना मेजवानी देऊन दारूत झिंगवायचा डाव रचला गेला, पण टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा वेळेवर उठून जंगलात गेला आणि तोडलेली फांदी घेऊन परतला, असे सांगतात. गोष्ट दंतकथेची आहे, विलिंगेल मात्र खरा. लाउटनचे जमीनदार जॉन व्हिटेकर मेटलंड हे धर्मोपदेशकही होते. त्यांनी जंगलाला कुंपण घालायला घेतले, तरी विलिंगेलच्या घरचे फांद्या तोडतच राहिले. १८६६मध्ये त्याचा मुलगा आणि नात्यातले आणखी दोघे यासाठी तुरुंगात गेले, आणि प्रकरण लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचले.

लोक इतके चिडण्यामागे एक ताजा धडा होता. शेजारच्या हेनॉल्ट फॉरेस्टवरचे शाही वनकायदे १८५१मध्ये उठवले गेले आणि काही आठवड्यांत बहुतेक जंगल उपटून त्याची शेते झाली. रेल्वे १८५६मध्ये लाउटनला पोचल्यावर घरबांधणीच्या दृष्टीने एपिंगच्या जमिनीचा भाव चढला. एकेक जमीनदार आपापला तुकडा कुंपणात घेऊ लागला. सार्वजनिक मोकळ्या जमिनी वाचवण्यासाठी १८६५मध्ये स्थापन झालेली कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी विलिंगेलच्या पाठीशी उभी राहिली. पण १८७०मध्ये तो वारला आणि त्याने मेटलंडवर लावलेला दावा विझला.

निकाल लागला तो अनपेक्षित दिशेने. लंडनच्या जुन्या गाभ्याचा कारभार पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन या नगरसंस्थेने १८५०च्या दशकात जंगलाच्या दक्षिण टोकाजवळ दफनभूमीसाठी एक शेत विकत घेतले होते. त्या शेताबरोबर जंगलात गुरे चारण्याचा हक्कही आला. आता वहिवाट अशी, की एका गावचा हक्कदार आपली गुरे पूर्ण जंगलात कुठेही चारू शकत असे. गुरांना शीव माहीत नसते. त्यामुळे एका दफनभूमीच्या मालकाला सगळ्याच जमीनदारांवर एकत्र दावा ठोकता आला. १८७१मध्ये तो दाखल झाला, १८७४मध्ये न्यायाधीश जॉर्ज जेसेल यांनी कुंपणे बेकायदा ठरवली. १८७८च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने जंगलाची देखरेख सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे दिली, आणि जंगलाचे नैसर्गिक रूप होईल तितके राखावे असा दंडक घातला. आजही व्यवस्था तीच आहे. हक्कदार दर सात वर्षांनी चार ‘व्हर्डरर’, म्हणजे वनाचे पंच, निवडतात आणि ते कारभारात बसतात. मध्ययुगीन पदाचे हे नाव अजून टिकून आहे.

या विजयाची एक बाजू मात्र फारशी साजरी होत नाही. ज्या तोडणीच्या हक्कावरून लोक तुरुंगात गेले, तोच हक्क १८७८च्या कायद्याने संपवला. भरपाईपोटी मिळालेल्या रकमेतून लाउटनमध्ये १८८४ साली ‘लॉपिंग हॉल’ हे सभागृह उभे राहिले; लॉपिंग म्हणजे फांद्या तोडणे. फांदीच्या बदल्यात व्याख्यानांची खोली. छाटणी थांबल्यावर झाडांचे माथे अवजड झाले, फाटे वादळात चिरून पडू लागले आणि खाली दाट सावली पडून गवत, फुले, हेदर या झुडपाचे माळ आक्रसले. ‘नैसर्गिक रूप’ राखायला निघालेल्या व्यवस्थेला हे रूप मुळात माणसाच्या हाताने घडले आहे, हे उमगायला बराच काळ गेला. गेल्या काही दशकांत निवडक झाडांची छाटणी पुन्हा सुरू झाली आहे, पण शंभर वर्षे न छाटलेला बीच नव्या घावाला सहज दाद देत नाही.

मराठी वाचकाच्या नजरेत १८७८ हे साल आणखी एका कारणाने भरेल. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात वनकायदा केला आणि राखीव जंगलांत गावकऱ्यांची चराई, लाकूडफाटा, टहाळ यांना ‘हक्क’ऐवजी ‘सवलती’चे स्वरूप आणले. राबाच्या बंदीवरून ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की १८८५मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. एकाच साम्राज्यात, एकाच दशकात, राजधानीजवळच्या जंगलात जुन्या वहिवाटीच्या जोरावर जमीनदार हरले आणि सह्याद्रीत तशाच वहिवाटीला कागदावर किंमत उरली नाही. व्हिक्टोरिया राणीने ६ मे १८८२ रोजी हाय बीच येथे येऊन हे जंगल आपल्या प्रजेच्या उपभोगासाठी कायमचे अर्पण केले. प्रजा म्हणजे कोणती, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नसावा. जंगलाचा पहिला मानद ‘रेंजर’ होता तिचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट. चिंगफर्डजवळच्या कॉनॉट वॉटर या तळ्याला त्याचे नाव आहे, आणि दिल्लीच्या कॉनॉट प्लेसलाही त्याचेच. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती होता.

भेट देणाऱ्यासाठी हे जंगल सोपे आहे. फाटक नाही, तिकीट नाही. लिव्हरपूल स्ट्रीटहून सेंट्रल लाइनने लाउटन, थेडन बॉइस किंवा एपिंगला उतरावे, अथवा दुसऱ्या गाडीने चिंगफर्ड गाठावे. दोन्ही प्रवास अर्ध्या तासाच्या आसपासचे. चिंगफर्ड स्थानकापासून हेन्रीचा मनोरा आणि कॉनॉट वॉटर चालत जवळ आहेत. हाय बीचला रेल्वे जात नाही. तिथे माहितीकेंद्र आणि लाकडी चहाची टपरी आहे. आठवड्याच्या सुटीला तिच्यासमोर मोटारसायकलींची रांग लागते. हाय बीच या नावात समुद्रकिनारा नाही. तो ‘बीच’ झाडाचा की वाळू-गोट्यांचा, यावर इंग्रजांचेच दोन स्पेलिंगांत एकमत होत नाही, आणि मराठीत तर सगळेच ‘बीच’ सारखे.

पाहायला दोन मोसम खरे. एप्रिलअखेर बीचची कोवळी, पारदर्शक पालवी फुटते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत पाने तांब्यासारखी होतात. पावसाळी हिवाळ्यात मात्र चिकणमाती आपला इंगा दाखवते. गमबूट नसतील तर मोठ्या वाटा सोडू नयेत. शरदात दीड हजारांहून अधिक जातींच्या बुरशी आणि अळंबी उगवतात. त्या काढणे इथे मना आहे आणि खटलेही झाले आहेत. गडद रंगाची फॅलो हरणे लाजरी असतात. त्यापेक्षा मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचे चिनी भावंड, अवचित समोर येण्याची शक्यता जास्त. लांब शिंगांच्या इंग्लिश लाँगहॉर्न गाई चरताना दिसल्या तर गळ्याकडे पाहावे. उपग्रहावरून जागा कळणारा पट्टा तिथे असतो. आखलेली सीमा जवळ आली की तो सूर वाजवतो, तरीही पुढे गेल्यास हलका झटका देतो. कुंपणावरून इतकी भांडणे झालेल्या जंगलात आता कुंपण दिसेनासे झाले आहे.

लोहयुगातल्या दोन तटबंद्या झाडीत लपल्या आहेत : लाउटन कॅम्प आणि ॲम्ब्रेसबरी बँक्स. रोमनांशी लढलेल्या बूडिका राणीची अखेरची लढाई दुसऱ्या ठिकाणी झाली असे सांगतात, पुरावा काही नाही. डिक टर्पिन हा वाटमाऱ्या मात्र खराच इथे दडून असे. १७३७मध्ये पकडायला आलेल्या माणसाला त्याने इथेच गोळी घातली. दोन वर्षांनी यॉर्कला तो फासावर गेला. त्याच्या नावाने पर्यटकांना भुलवण्याची चढाओढ अजून चालते. त्याहून हलवून जाणारी कथा जॉन क्लेअर या शेतमजूर कवीची. १८३७ ते १८४१ तो हाय बीचच्या मनोरुग्णालयात होता. जुलै १८४१मध्ये तो तिथून निघाला आणि सुमारे १३० किमी. अंतर चार दिवसांत पायी तोडून घरी पोचला. वाटेत भूक लागली तेव्हा त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले. त्याच्या गावाचीही सार्वजनिक कुरणे कुंपणात गेली होती, आणि त्यावर त्याने कविता लिहिल्या होत्या.

उत्तर टोकाला, एपिंग गावाजवळच्या बेल कॉमनवर, क्रिकेटचे एक मैदान आहे. एम २५ हा लंडनभोवतीचा महामार्ग १९८०च्या दशकात इथवर आला तेव्हा जंगलाची जमीन तोडू न देता तो भुयारात घालावा लागला. मैदान त्या भुयाराच्या छतावर आहे. वर सामना चालू असतो, आणि खालून गाड्या जात असतात.