झोआ काढायला उकळतं पाणी? अजिबात नको

रीफ टँकमध्ये, म्हणजे घरातल्या समुद्री ॲक्वेरियममध्ये, लाइव्ह रॉकवर (समुद्री जीव वसलेल्या दगडावर) नको तिथे झोआ, म्हणजे गालिच्यासारखे पसरणारे कोरलसारखे छोटे प्राणी, पसरले, किंवा त्यांचेच भाऊबंद असलेल्या त्या तपकिरी ‘पाली’ (पॅलिथोआ) एकदा घुसल्या आणि बाकीच्यांना जागाच ठेवेनात, की बऱ्याच जणांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे दगड बाहेर काढायचा, सिंकमध्ये ठेवायचा आणि वरून कडकडीत पाणी ओतायचं. उकळलं की सगळं मरतं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच असतं ना. तर पॉलिप, म्हणजे हे एकेक प्राणी, मरतात, खरंय. पण त्यांच्यातलं विष उकळून जात नाही, उलट वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक बारीक थेंबांतून ते नाकातोंडात जातं. रीफ टँकमुळे लोक हॉस्पिटलात पोचल्याच्या ज्या केसेस डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात त्या बघा, टँकसमोर खुर्ची टाकून बघत बसलेला माणूस त्यात सापडत नाही, सापडतो तो साफसफाई करणारा, खरवडणारा, दगड हलवणारा, आणि फार तर तेव्हा त्याच घरात असलेली माणसं.

विषाचं नाव पॅलीटॉक्सिन. याची गोष्ट सुरू होते हवाईत, माउई बेटावरच्या हाना गावाजवळ. तिथल्या एका खडकातल्या डबक्यात म्हणे एक जीवघेणं शेवाळ होतं, योद्धे ते भाल्याच्या टोकाला चोळायचे आणि मग साधी जखमसुद्धा जीव घ्यायची, आणि त्या डबक्याकडे जायला गावाची पक्की बंदी. दंतकथा अशी की पाठीवर शार्कचा जबडा असलेल्या, कोळ्यांना खाणाऱ्या एका माणसाला गावाने मारलं, जाळलं आणि राख तिथे टाकली, त्यातून हे उगवलं. १९६१ च्या ३१ डिसेंबरला हवाईच्या संशोधकांनी बंदी न जुमानता तिथून नमुने आणले आणि त्याच दिवशी त्यांच्या मरीन लॅबच्या मुख्य इमारतीला आग लागली! योगायोगच, पण गावकऱ्यांना ‘सांगितलं होतं ना’ म्हणायची आयती संधी मिळाली. ते शेवाळ निघालं प्राणी, पॅलिथोआ नावाचा, म्हणजे आपल्या टँकमधल्या झोआ-पालींचाच भाऊबंद. १९७१ मध्ये रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी त्यातलं विष वेगळं केल्याचं जाहीर केलं, पण त्या रेणूची रचना कळायला १९८१ उजाडलं आणि तेव्हा हवाई आणि जपानमधलं नागोया अशा दोन ठिकाणच्या टीमनी ती जवळजवळ एकदमच सोडवली. इतका वेळ लागला कारण रेणूच तसला आहे, १२९ कार्बन, ५४ ऑक्सिजन, वजन २६८० च्या आसपास.

आता हे शरीरात जाऊन करतं काय. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमचे पंप असतात, एका फेरीत ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत, आणि यावरच नसा, स्नायू, हृदय सगळं चालतं. या पंपाला सराफाच्या दुकानाला असतात तशी दोन दारं असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, म्हणून जाणायेणं मोजून मापून होतं. पॅलीटॉक्सिन येऊन चिकटतं आणि दोन्ही दारं एकदम उघडी धरून ठेवतं. मग पंप राहतच नाही, आरपार भोक होतं, सोडियम धो धो आत आणि पोटॅशियम बाहेर. स्नायू आखडतात, फुटायला लागतात, फुटलेल्या स्नायूंचा माल रक्तातून किडनीत जाऊन अडकतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. उंदराला शिरेतून दिलं तर किलोमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमीत काम संपतं. यावर उतारा नाही, म्हणजे सापाच्या विषावर असतं तसं इंजेक्शन नाही, डॉक्टर फक्त ऑक्सिजन, सलाइन, श्वासनलिका मोकळी करायची औषधं देऊन शरीराला तगवतात. वेळेत पोचलेली बहुतेक माणसं बरी होतात हेही सांगायला हवं, उगाच घाबरवायचं नाहीये.

केसेस सांगतो. अमेरिकेत व्हर्जिनियात २००७ मध्ये एकाने अगदी वर लिहिलंय तेच केलं, नको असलेल्या झोअँथिडवर (झोआ, पाली या सगळ्या गटाचं नाव) उकळतं पाणी ओतलं, वाफ नाकात गेली, आधी नाक गळायला लागलं, खोकला सुरू झाला आणि काही तासांत श्वास लागायला लागला. यानंतर तिथल्या एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध खात्याच्या, शास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन डीसीच्या आसपासच्या दुकानांतून नमुने विकत घेऊन तपासले. काही पॅलिथोआत ग्रॅममागे मिलिग्रॅमच्या हिशोबात विष निघालं, आणि बाजूच्याच टाकीतल्या झोअँथसमध्ये, म्हणजे झोआंमध्ये, जवळपास काहीच नाही! जर्मनीत एकाच्या बोटाला जखम होती आणि हात झोअँथिडना लागला, तेवढ्यावर त्याला हॉस्पिटल गाठावं लागलं. अलास्कात अँकरेजमध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानातले आणि घरातले लोक आजारी पडले, घरातले तर टँकला हात न लावताही, कारण हवा सगळ्यांचीच. आणि २०१८ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन गावात एका घरात टँकची सफाई झाली आणि घरची मंडळी आणि मदतीला आलेले कर्मचारी मिळून १० जण हॉस्पिटलात. बहुतेकांचं सुरुवातीचं रडगाणं एकच असतं, ताप, थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला, म्हणजे थेट फ्लू वाटावा असं, फक्त अनेकांच्या तोंडाला एक कडवट, धातूसारखी चव येते. ती आली की समजून जायचं.

मग ओळखायचं कसं? सर्वसाधारणपणे पॅलिथोआ आपल्या अंगात वाळूचे कण भरून घेतो, त्यामुळे कापला तर खरखरीत लागतो, तोंडाची थाळी मोठी आणि रंग बरेचदा मळकट तपकिरी-हिरवा, झोअँथस मऊ आणि भडक रंगांचे. पण मी यावर भरवसा ठेवणार नाही, कारण दुकानात हे प्राणी रंगावरून ठेवलेल्या फॅन्सी नावांनी विकले जातात, शास्त्रीय नाव दुकानदारालाही माहीत नसतं, आणि एकाच प्रकारच्या दोन कॉलन्यांत विष कमीजास्त असू शकतं. सगळे विषारी आहेत असंच धरून चालायचं, नुकसान काही नाही.

हाताळायचं तर नायट्राइल ग्लोव्हज आणि गॉगल, दोन्ही. गॉगलला लोक हसतात, पण हे पॉलिप दाबले किंवा कापले गेले की पिचकारी मारतात आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदाच सुजतो, काहींच्या बाबतीत तर तो विरघळण्यापर्यंत मजल गेलीय. कापायचं ते पाण्याखाली. फ्रॅग, म्हणजे दुसरीकडे लावायला तोडलेले तुकडे, बनवायला ड्रिल, ग्राइंडर, करवत यातलं काहीही झोआंवर चालवायचं नाही, टूथब्रशने खसाखसा घासणंही तसलंच, कारण दोन्हीत तुषार उडतात. मास्क लावून हवेत खरवडण्यापेक्षा दगड पाण्यात बुडवून ठेवणं जास्त कामाचं आहे. प्रेशर वॉशरचा तर विचारही नको. हाताला कापलेलं असेल तर ते काम त्या दिवशी नाही. बादली, चिमटा, ब्लेड टँकसाठी वेगळे ठेवायचे, स्वयंपाकघरातला सुरी-चॉपिंग बोर्ड घेणारे महाभाग आहेत म्हणून लिहितोय. लहान मुलं आणि कुत्रा-मांजर तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत.

काढून टाकायचे असतील तर ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ५-६ टक्क्यांचं लिक्विड ब्लीच १ भाग आणि पाणी १० भाग, मिश्रण ताजं, गॅलरीत किंवा उघड्यावर, त्यात दगड हळूच सोडायचा आणि निवांत अर्धा तास तरी विसरायचा, मगच पिशवीत बांधून फेकायचा. उन्हात वाळवल्याने काम होत नाही, वाळलेल्या दगडात विष टिकतं आणि ठोकलात की धूळ होऊन उडतं. आणि एक, पंपावरचा चुना काढायला बरेच जण व्हिनेगर वापरतात, बाथरूममध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर असतंच, यातलं काहीही ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणजे एका विषातून सुटून दुसऱ्यात. टँकमध्येच झोआ मोठ्या प्रमाणात मेले तर ॲक्टिव्हेटेड कार्बन भरपूर टाकायचा, तो पाण्यातलं पॅलीटॉक्सिन ओढून घेतो, आणि खिडक्या उघड्या.

आपल्याकडे अजून एक मोह असतो. हाजी अलीच्या खडकांवर किंवा मालवणला ओहोटीला झोअँथिडचे गालिचे उघडे पडतात, दिसायला सुंदरच, आणि फुकट! फोटो काढा, पण खरवडून घरी आणू नका. शेजारी जे खरे दगडी कोरल असतात ते आणि सी फॅन (पंख्यासारखे कोरल) वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेत, आणि ओहोटीत खडकावर बसून चाकूने खरवडताना पहिली पिचकारी कुठे जाणार ते वर लिहिलंच आहे.

त्रास झालाच तर आधी घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या, डोळ्यात गेलं असेल तर पंधराएक मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, कपडे बदला. हॉस्पिटलात ‘माशांची टाकी साफ करत होतो’ एवढं सांगून भागणार नाही, त्यावर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतील. पॅलीटॉक्सिन हा शब्द कागदावर लिहून द्या, पॉलिपचा फोटो दाखवा, कधी आणि किती वेळ संपर्क आला ते सांगा, आणि ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, सीपीके या तपासण्यांबद्दल विचारा. सीपीके म्हणजे स्नायू फुटतायत का ते कळतं. लघवी चहासारखी गडद झाली किंवा छातीत आवळल्यासारखं झालं तर सकाळपर्यंत बघू म्हणून थांबायचं नाही, आत्ता जायचं.