साथ, पंच आणि वाडा : गोव्यातली पार्श्वभूमी

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह साथीतून सुरू झाला, हे मुरगावात कुणीही सांगेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात रोगाची साथ पसरली, तेव्हा काही मंडळी जांबावलीच्या दामोदराकडे गेली, तिथून श्रीफळ आणलं आणि चोवीस तासांचं अखंड भजन सुरू झालं, अशी ही कथा. श्रद्धेचं ज्याचं त्याने पाहावं. मला रस आहे तो त्यातल्या बांधणीत. एवढं भजन एकट्यादुकट्याला झेपत नाही, म्हणून ते निरनिराळ्या समाजांनी वाटून घेतलं, प्रत्येकाचा पार, म्हणजे भजनी मिरवणूक, ठरला. पोर्तुगिजांनी पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा काढली होती. पण वाड्यावरच्या माणसांना एकत्र आणायचं काम भजनी मंडळांनी केलं. सरकारने त्यांना त्यासाठी काही दिलं असेल, असं वाटत नाही.

मुक्तीनंतर पंचायती आल्या. १९६२ साली पंचायत कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी निवडणुकाही झाल्या. पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने आरोग्य आणि स्वच्छता हे विषय पंचायतींच्या यादीत घातले, १९९४चा गोवा पंचायत राज कायदा त्यातूनच आला. यादीत विषय आले म्हणून हातात माणसं आणि पैसा येतो, असं नाही. गावच्या पंचाकडे, म्हणजे पंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्याकडे, तेव्हाही गटार, पथदीप आणि घरपट्टी एवढंच प्रामुख्याने असायचं, आजही फारसं वेगळं नाही.

याच्या थोडं आधी गोव्याने एक धडा घेतला होता, तोही महागात. १९८९च्या फेब्रुवारीत बार्देशातल्या पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काहीच नव्हता. त्यांनी रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळं ठेवण्याची तरतूद होती, म्हणून त्यांना म्हापशाकडच्या एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकटं कोंडलं. ६४ दिवस. आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने कलम वैधच ठरवलं, पण तोवर डॉमनिक घरी परतले होते आणि गोव्यात या कायद्याविरुद्ध आवाज उठू लागला होता. पुढे विलगीकरणाची सक्ती सैल झाली. डॉमनिक यांनी १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते गेले. सरकारने ज्याला रोगाचा धोका म्हणून कुलूपबंद केलं, तोच गोव्यातल्या एचआयव्हीविरोधी कामाचा पहिला पुढारी ठरला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. बाकीच्या देशात गावोगावी आशा कार्यकर्त्या, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, नेमल्या गेल्या. गोव्याने मात्र नेमल्या नाहीत. राज्य छोटं, आरोग्य केंद्रं जवळजवळ, परिचारिका घरोघर जातात, हे कारण वरवर पटण्यासारखंच आहे. पण डॉक्टर आणि घर यांच्यामधला, गावातलाच पगारी किंवा मानधनावरचा माणूस गोव्याकडे राहिला नाही. गाव पातळीवरच्या आरोग्य समित्यांना अभियानात वर्षाला १०,००० रुपयांच्या मुक्त निधीची सोय होती. एवढ्यात सगळ्या गावाचं काय भागणार?

ही उणीव २०१५ साली सत्तरी तालुक्यात दिसली. पाली गावात माकडताप आला. हा रोग १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडांतून होतो, आणि गोचिडांचे दिवस नेमके काजूच्या हंगामात येतात. बोंडू वेचायला बागायतीत वाकलेल्या बाईला ‘जंगलात जाऊ नका’ असं सांगून काही उपयोग नाही, कारण वर्षाची मिळकत त्या झाडाखाली पडलेली असते. हातापायांना लावायचं तेल आरोग्य खात्याने दिलं, वाळपईच्या केंद्रातून लसीकरणही चाललं. पण लस दुखायची. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी पुन्हा. दुसऱ्या मात्रेला लोकांना बोलावून आणायचं आणि मेलेलं माकड दिसलं की लगेच कळवायचं, हे काम वाड्यावरच्या ओळखीच्या माणसालाच जमणारं. हे काम पंच, अंगणवाडी सेविका आणि गावचे शिक्षक यांच्या अंगावर येतं. त्यांचं मूळ काम तसंच राहतं आणि प्रवासखर्चही बहुतेकदा खिशातून. २०२२मध्ये ही लसही बंद झाली, तिचा प्रभाव पुरेसा राहिला नव्हता.

कोविडच्या वेळी हीच गोष्ट सगळ्या राज्यात घडली. २२ मार्च २०२०ला होणारी जिल्हा पंचायत निवडणूक पुढे ढकलली गेली आणि मग टाळेबंदी आली. किराणा दुकानंसुद्धा बंद करून माल घरोघर पोचवायचा निर्णय झाला. तो पोचवायला पंच, नगरसेवक आणि स्वयंसेवक. कुणाकडे गाडी नव्हती, कुणाकडे पास नव्हता, दुकानदाराकडे माल नव्हता. काही दिवसांतच दुकानं उघडावी लागली. माझ्या मते तो गोंधळ पंचांच्या नाकर्तेपणाचा नव्हता. ज्याला कधी काही शिकवलं नाही, त्याच्यावर एका रात्रीत सगळं सोपवण्याचा तो परिणाम होता.

जूनमध्ये वास्कोचं मांगोरहिल बंद क्षेत्र (कंटेनमेंट झोन) झालं. दाटीवाटीच्या टेकडीवर दूध, औषधं, गॅस आत कसा न्यायचा, याची उत्तरं तिथल्याच तरुणांनी शोधली. त्या वर्षीचा सप्ताह मोजक्या लोकांत झाला, जत्रा भरली नाही. पुढच्या मे महिन्यात गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, प्राणवायूची ओढाताण झाली. ११ मे २०२१च्या पहाटे २ ते ६ या वेळेत २६ रुग्ण दगावले. त्या आठवड्यात पंचांना येणारे फोन रेशनसाठी नसत, खाटेसाठी असत, आणि खाट त्यांच्या हातात नव्हती. काही पंचायतींनी आपल्यापुरती टाळेबंदी जाहीर केली, एवढंच त्यांना करता आलं.

त्या काळात ग्रामसभाही थांबवल्या होत्या, म्हणजे पंचाने आपली अडचण मांडायची जागाही नव्हती. ऑगस्ट २०२२मध्ये पंचायत निवडणुका झाल्या आणि बरेच जुने पंच गेले. आजारी माणसांच्या याद्या, कोणत्या वाड्यावर कोण मदतीला धावतं, कुणाची रिक्षा रात्री मिळते, ही माहिती ज्याच्या-त्याच्या मोबाइलमध्ये होती. नव्या पंचाला ती रीतसर सोपवायची पद्धत गोव्यात अजून नाही.