इतर पेशांतील चित्रकादंबरीकार

पोटापाण्याचा धंदा वेगळा असताना चौकटींतून दीर्घ कथा रचणारे लेखक व चित्रकार. त्यांत डॉक्टर, परिचारिका, अभियंते, गणिती, प्राध्यापक असे सगळे सापडतात. फावल्या वेळात एखादे व्यंगचित्र काढणे वेगळे आणि शे-दोनशे पाने तीच पात्रे, तोच वाडा, तीच पेठ सांभाळत कथानक पुढे नेणे वेगळे. म्हणून या मंडळींची पुस्तके पुरी व्हायला बहुधा वर्षे लागतात.

जपानचे ओसामू तेझुका हे वैद्यकाचे पदवीधर. डॉक्टरकी न करता ते चित्रकथेकडे वळले, पण १९७३ पासून त्यांनी एका शल्यविशारदाची मालिका रेखाटली तेव्हा ते शिक्षण कामी आले. वेल्समधील डॉक्टर इयन विल्यम्स यांनी वैद्यक आणि चित्रकथा यांच्या सांध्याला ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव दिले. त्यांची स्वतःची चित्रकादंबरी २०१४ मध्ये आली. तिचा नायक खेड्यातला डॉक्टरच आहे. निक सूसानिस यांनी तर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधला डॉक्टरेटचा प्रबंधच चित्रकथेच्या रूपात सादर केला.

सगळ्यांनाच चित्र काढता येते असे नाही. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या जीवनावरील २००९ची चित्रकादंबरी अपोस्तोलोस दोक्सियादिस आणि संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांनी लिहिली. रेखाटन मात्र दुसऱ्यांचे. भारतात १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू करणारे अनंत पै रसायन तंत्रज्ञान शिकलेले होते. संहिता त्यांची, कुंचला राम वाईरकरांसारख्या चित्रकारांचा. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेली इंग्रजी चित्रकादंबरी २०११ मध्ये निघाली. तिच्या लेखिका श्रीविद्या नटराजन भरतनाट्यम नर्तिका आहेत; चित्रे अपराजिता निनान यांची.

कोल्हापूरला दोन धंदे एका हाताने करणारा चित्रकार नवा नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पात्रे, त्यांचे पेहराव आणि हालचाली ते आधी कागदावर रेखाटून घेत. चित्रकादंबरीकाराची पूर्वतयारी याहून फार निराळी नसते. वसंत सरवटे (१९२७–२०१६) जन्माने कोल्हापूरचे, पेशाने स्थापत्य अभियंता. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळत त्यांनी मराठी व्यंगचित्राला आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांना स्वतःची रेषा दिली. ते चित्रकादंबरीकार नव्हेत, तरी नोकरदार चित्रकाराचा इतका ठसठशीत मराठी नमुना दुसरा दाखवणे कठीण.

आज ही वाट धरणाऱ्याला शहरात कलानिकेतन, दळवीज आर्ट्स यांसारख्या संस्थांचा शेजार आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेले हात तर घरोघरी आहेत. खरी पुंजी मात्र धंद्यातून येते. गुऱ्हाळावर राबलेल्याला काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, पाक नुसता उकळताना दिसत नाही. गूळ करणारा गुळव्या गार पाण्यात थोडा पाक सोडतो, बोटांत गोळी वळवून पाहतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. हे पाणी, ही बोटे, हा हुकूम एवढ्या तीन चौकटी बाहेरच्या चित्रकाराला सुचणे अवघड. तो धूर आणि उसाच्या मोळ्या काढून मोकळा होतो. उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीचे, दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाचे तेच.

अडचणी दोन प्रकारच्या. पहिली कारागिरीची: देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षरे. इंग्रजी मापाने आखलेला, पात्राचे बोलणे लिहायचा फुगा मराठी संवादाला अपुरा पडतो आणि ओळी एकमेकींत घुसतात. म्हणून अक्षरे आधी लिहून फुगा नंतर आखणे सोयीचे. नवशिके नेमके उलटे करतात. दुसरी पेशाची. डॉक्टरला रुग्णाचे नावच नव्हे, तर चेहरा, गाव, व्रणसुद्धा बदलावे लागतात, कारण चित्रातला माणूस मजकुरातल्यापेक्षा लवकर ओळखू येतो. राज्य सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. कामात खंड न पडता केलेल्या प्रासंगिक साहित्यिक वा कलाविषयक कामाला त्यांत वाव आहे, शासनावर जाहीर टीका करायला मात्र मनाई आहे. तलाठी कार्यालयावर विनोदी चित्रकादंबरी काढायची इच्छा असलेल्या कारकुनाला निवृत्तीपर्यंत थांबणेच बरे.