बाइंडर एकदा मिसळला की जागचा हलत नाही?

बाइंडर म्हणजे लेपातले कण एकमेकांना आणि खालच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारा पदार्थ; कण, बाइंडर आणि द्रावक यांचं ओलं मिश्रण म्हणजे स्लरी. ‘स्लरी नीट ढवळली की बाइंडर सगळीकडे सारखा बसला, पुढे वाळवण कितीही जलद करा’ हा समज कारखान्यांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. बाइंडर वाळतानाही हलतो.

लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडवरचा लेप घ्या. द्रावक वरून उडतो, तसा कणांमधल्या बारीक फटींतून खालचा द्रव वर ओढला जातो आणि बाइंडरलाही सोबत नेतो. वाळवण सावकाश असेल, तर विसरणामुळे (डिफ्यूजन, म्हणजे दाट भागातून विरळ भागाकडे आपोआप पसरणं) तो काही प्रमाणात परत खाली पसरतो. उष्णता वाढवली की तेवढा वेळच मिळत नाही. वर बाइंडर दाटतो, तळाशी तुटवडा पडतो आणि लेप धातूच्या फॉइलपासून सुटतो. पृष्ठभाग मात्र निर्दोष दिसतो, म्हणून खापर बिचाऱ्या मिक्सरवर फुटतं.

ट्रेमध्ये वाळवलेल्या औषधी ग्रॅन्यूल्समध्ये (ज्यांच्या गोळ्या बनतात त्या दाण्यांमध्ये) विरघळणारा रंगही असाच बाहेर सरकतो. गोळ्यांवर ठिपके दिसतात ते त्यामुळेही.

यासाठी सगळं वाळवण मंद करायची गरज नाही. लेप आकसत असताना वेग बराच चालतो. कण एकमेकांना टेकले आणि फटी रिकाम्या होऊ लागल्या, की तेवढ्या टप्प्यात उष्णता उतरवा.