रेडीमेड गेमिंग पीसीत हळूहळू बदल: ही मुभा आली कुठून?

इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये हल्ली एक वेगळं गिऱ्हाईक दिसतं. त्याला नवा पीसी नको असतो आणि सुटे भाग आणून पहिल्यापासून मशीन उभं करण्याची हौसही नसते. तीन-चार वर्षांपूर्वी घरी आलेला कंपनीचा गेमिंग पीसी त्याला चालता ठेवायचा असतो. यंदा रॅम, दिवाळीला ग्राफिक्स कार्ड, मग जमेल तसा प्रोसेसर. रामबाग, टिळकनगर, सुदामानगरातल्या मराठी घरांत असे पीसी पुष्कळ आहेत. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या निमित्ताने आलेले, दिवसा अभ्यासाला आणि रात्री खेळायला वापरले जाणारे. त्यात काय बदलता येईल आणि काय नाही, हे मात्र दुकानात ठरत नाही. ते फार आधी, टप्प्याटप्प्याने ठरत आलं आहे.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ ची. त्या दिवशी आयबीएमने ५१५० हा पीसी बाजारात आणला. घाईत, जेमतेम वर्षभरात तो तयार करायचा होता, म्हणून बरेच भाग बाहेरून घेतले गेले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. मदरबोर्डवर पाच मोकळे स्लॉट ठेवले आणि सर्किटचे नकाशे व बायॉसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) मजकूर तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला. त्यामुळे कोणीही त्या स्लॉटसाठी कार्ड बनवू शकत होतं. लवकरच कॉम्पॅकने बायॉस स्वतंत्रपणे नव्याने लिहून आयबीएमशी जुळणारं मशीन काढलं, आणि पुढे त्या रचनेवर कोणा एका कंपनीची मालकी उरली नाही. आज आपण साइड पॅनेल उघडून कार्ड बदलतो त्याचं मूळ इथे आहे. त्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, ६३.५ वॅटचा होता. आजच्या बहुतेक गेमिंग कार्डांना एकट्यालाच याहून जास्त वीज लागते.

दुसरा मोठा टप्पा १९९५ चा. इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी, मागच्या पोर्टांच्या पट्टीचं माप पक्कं, वीजजोडणीचा कनेक्टर एकच. वीस वर्षांपूर्वीच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो तो यामुळेच. संगणकाच्या इतिहासात चिपांची गोष्ट सगळे सांगतात, या भोकांची फार कमी लोक सांगतात. हप्त्याहप्त्याने मशीन सुधारणाऱ्या माणसाला मात्र याच मापाने तारलं आहे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि वेगळ्या वाटेने पोहोचलं. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, पण शुल्क जड राहिलं. भारत १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या भागांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. मधल्या काळात ब्रँडेड पीसी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होता. दिल्लीचं नेहरू प्लेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथून सुटे भाग गावोगाव जात आणि तिथला दुकानदार पीसी जोडून देई. म्हणजे आपल्या मोठ्या भावंडांनी वापरलेला पीसी बहुधा ‘असेंबल्ड’ होता. त्यातलं काहीही बदलता येतं, हे इतकं गृहीत होतं की त्याबद्दल कोणी विचारतही नसे.

मध्य प्रदेशात याला विजेच्या टंचाईची जोड मिळाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची औष्णिक वीजकेंद्रं तिकडे गेली. पुढची काही वर्षं इकडे भारनियमनाची होती. २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच मुद्द्यांवर लढली गेली. तेव्हापासून पीसीबरोबर ६०० व्हीएचा यूपीएस घ्यायचाच, ही रीत पडली. आज वीज पूर्वीसारखी जात नाही, पण रीत टिकून आहे आणि ग्राफिक्स कार्ड वाढवताना तीच आडवी येते. असा यूपीएस जास्तीत जास्त सुमारे ३६० वॅट देतो. मोठं कार्ड खेळाच्या भरात क्षणभर त्याच्या नेहमीच्या मागणीपेक्षा बरंच जास्त ओढतं. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर यूपीएस असूनही पीसी बंद पडतो आणि दोष नव्या कार्डाला लागतो.

वीज हाच या सगळ्या गोष्टीचा कणा आहे, म्हणून कार्डांचा इतिहास त्याच अंगाने पाहायला हवा. १९९६ मध्ये ३डीएफएक्सचं व्हूडू आलं. ते नेहमीच्या डिस्प्ले कार्डाच्या जोडीला लावायचं वेगळं कार्ड होतं, मागून एका केबलने जोडलेलं. गेमिंगसाठी पीसीत एक जादा भाग घालायचा, ही कल्पना त्याने घरोघर रुजवली. २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट बोर्डांवर येऊ लागला. या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून जास्त हवी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: सहा पिनांची आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०.

कंपनीच्या रेडीमेड पीसीत ही वायर बऱ्याचदा नसतेच. ऑफिससाठी बनवलेल्या छोट्या मशीनांत १८० किंवा २४० वॅटचा एसएमपीएस असतो, तेवढ्यावर कंपनीचं काम भागतं. म्हणून २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय महत्त्वाचं ठरलं. ६० वॅटवर चालणारं, वेगळी वायर न मागणारं हे कार्ड साध्या मशीनला गेमिंग मशीन करू शकत होतं. २०१६ मध्ये १०५० टीआय आणि २०१९ मध्ये १६५० याच वाटेने आली, दोन्ही ७५ वॅटच्या आत. अलीकडचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२४ मधलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, तेही ७० वॅटचं. वेगाच्या तक्त्यांत ही कार्डं नेहमी खालीच असतात. पण एसएमपीएसला हात न लावता ज्यांनी आपलं मशीन वर आणलं, त्यांच्यासाठी गेल्या दशकातली खरी मोलाची कार्डं हीच, असं माझं ठाम मत आहे.

एसएमपीएस बदलला तर काय बिघडलं? इथेच कंपन्या ठरलेल्या मापापासून दूर सरकल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या अनेक पीसींत कनेक्टर दिसायला एटीएक्सचाच होता, पण तारांची जागा बदललेली होती. बाजारातला साधा एसएमपीएस लावला की बोर्ड जळण्याचा धोका. ती रीत डेलने पुढे सोडली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी फक्त १२ व्होल्ट देणारे, स्वतःच्या मापाचे एसएमपीएस आणि स्वतःच्या आकाराचे बोर्ड आणले. त्यात वीज वाचते, हे खरं आहे. इंटेलने २०१९-२० मध्ये हीच कल्पना एटीएक्स १२व्हीओ या नावाने सर्वांसाठी खुली केली. पण ज्याच्या घरी आधीचं मशीन आहे त्याला एसएमपीएस गेला की मूळ कंपनीकडेच जावं लागतं, नाहीतर जुळवून घेणारी केबल शोधावी लागते.

प्रोसेसरचं दुखणं निराळं. इंटेलचा एलजीए ११५१ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०१५ मध्ये आला. २०१७ ची प्रोसेसरांची आठवी पिढी तितक्याच पिनांची होती, तरी जुन्या बोर्डांवर चालली नाही. एएमडीचा एएम४ सॉकेट मात्र २०१६ पासून टिकला. २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर २०२२ चं रायझन ७ ५८००एक्स३डी बायॉस अपडेट करून चालतं. रेडीमेड पीसीत ते अपडेट कंपनीने द्यायला हवं, आणि जुन्या मॉडेलसाठी ते बहुतेकदा येत नाही. सॉकेट तोच असूनही दार बंद राहतं.

मग इतके लोक रेडीमेडकडे वळले कसे? २०२० ते २०२२ मध्ये चिपांचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग यांमुळे सुटी कार्डं छापील किमतीला मिळेनाशी झाली. कार्डासकट अख्खा पीसी घेणं परवडू लागलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने पद्धत बदलली, कार्डांवरचं ते मायनिंग संपलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. आज सिल्व्हर मॉलमध्ये ज्यांच्यात बदल होतो आहे ते बरेचसे पीसी त्याच काळातले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली तेव्हाही प्रश्न प्रोसेसरच्या पिढीवर येऊन थांबला, कारण विंडोज ११ जुन्या पिढ्यांना अधिकृतपणे घेत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले आणि रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम आधी, बाकी नंतर, हा वर्षानुवर्षांचा क्रम त्यामुळे उलटला. आता जुन्या मशीनमधली डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम, जपून ठेवणं शहाणपणाचं आहे. नव्या डीडीआर५ च्या बोर्डवर ती चालणार नाही, खाच वेगळ्या जागी असते, पण एएम४ वर ती अजून कामाची आहे.

नवा रेडीमेड पीसी घेणाऱ्याने बिल होण्याआधी साइड पॅनेल उघडून दाखवायला सांगावं. एसएमपीएसवरचं लेबल वाचावं, बोर्डात जाणारा मोठा कनेक्टर एटीएक्सचा, चोवीस पिनांचा आहे का ते मोजावं, ग्राफिक्स कार्डासाठीची वायर मोकळी आहे का पाहावं आणि पॅनेल उघडल्याने वॉरंटी जाते का, हे लेखी विचारावं.