देव नदीपलीकडे गेले तेव्हा: गोमंतकातील यात्रांची पार्श्वभूमी

दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास गोव्याच्या कदंब राजघराण्यातील गुहल्लदेव राजा चांदोरहून समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला. वाटेत गलबताची डोलकाठी मोडली आणि ते कसेबसे गोव्याच्या बंदराला लागले. तिथे मदुमद नावाचा एक श्रीमंत अरब व्यापारी त्याच्या मदतीला धावून आला. हे उपकार ते घराणे विसरले नाही. राजाचा नातू पहिला जयकेशी याने त्या व्यापाऱ्याच्या नातवाला अधिकारपद दिले आणि हा सगळा वृत्तान्त ताम्रपटावर कोरून घेतला. गोव्यातील यात्रेचा इतिहास सांगायचा तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. शिवभक्त राजाची यात्रा, अडचणीच्या वेळी पुढे झालेला मुसलमान दर्यावर्दी आणि तीन पिढ्या राखलेली ओळख, हे सारे पोर्तुगीज येण्याच्या साडेचारशे वर्षे आधीचे आहे.

यात्रा बहुतेक सगळ्या धर्मांत आहे, पण तिचे कारण सगळीकडे एक नाही. ऐपत असलेल्या मुसलमानाला आयुष्यात एकदा हज फर्ज आहे. बौद्धांची लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही चार स्थाने बुद्धाच्या आयुष्यातील चार प्रसंगांशी जोडलेली आहेत. युरोपातले ख्रिस्ती शतकानुशतके स्पेनमधल्या सांतियागोला पायी जात आले. आपल्याकडे काशी-रामेश्वर आहे आणि दरवर्षी न चुकता करायची पंढरीची वारीही आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते, ती म्हणजे स्थान जागचे हलत नाही, हलतो तो माणूस. गोव्यात मात्र सोळाव्या शतकात स्थानच उठवले गेले.

1510 मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने गोवा शहर जिंकले. बार्देस आणि साष्टी हे शेजारचे महाल 1543 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले. आधी तिसवाडीतली, म्हणजे गोवा शहराच्या परिसरातली, देवळे पाडली गेली, मग 1560 च्या दशकात बार्देस-साष्टीतली. लोकांनी मिळेल ते उचलले आणि झुवारीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, धाव घेतली. तिथे तेव्हा आदिलशाहीचा अंमल होता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. एका सुलतानाच्या मुलुखात हिंदू देवांना आसरा मिळाला, ही गोष्ट गोव्याबाहेर फारशी सांगितली जात नाही.

देव गेले तसे माणसेही पांगली. कोणी कारवार-मंगळुरास गेले, कोणी थेट कोचीपर्यंत, कोणी वर मालवण-राजापुराकडे. इथून गोव्यातील कुलदेवतेच्या यात्रेला आजचा आकार आला. आज फोंड्यातल्या कोणत्याही मोठ्या देवस्थानाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, जाऊन पाहा. मंगळूरचे एखादे कुटुंब सकाळीच उतरलेले असते. घरात नवी सून आलेली असते, किंवा बाळाला प्रथमच देवापुढे ठेवायचे असते. अभिषेक होतो, देवीची ओटी भरली जाते, आणि मनात काही अडलेले असेल तर कौल लावला जातो. भटजी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, कुळाव्यांच्या, म्हणजे त्या देवतेला कुलदैवत मानणाऱ्या कुटुंबांच्या, वतीने गाऱ्हाणे घालतात, आणि सगळे कुटुंब श्वास रोखून पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून ते पाहत राहते. या माणसांचे पूर्वज ज्या गावातून निघाले ते गाव त्यांना बहुधा ठाऊकही नसते. घरी कन्नड किंवा मलयाळम कानावर पडत असते, पण कुलदेवतेचे नाव विचारले तर पटकन सांगतात. माझ्या मते गोमंतकाने यात्रेच्या कल्पनेत घातलेली भर ती हीच. मूळ जागा गेली तरी नाते जाऊ द्यायचे नाही आणि दर पिढीने एकदा तरी येऊन ते नवे करायचे.

सप्तकोटेश्वराची कथा याच वाटेवरची. हे कदंबांचे आराध्यदैवत, मूळ स्थान दिवाडी बेटावर. पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले गेले. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे राज्य सरकारने त्याची डागडुजी करून फेब्रुवारी 2023 मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले केले.

जेरुसलेमचे मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जाळले, तेव्हा ज्यूंच्या वर्षातील तीन यात्रासणांचा आधारच गेला. सण राहिले, पण यज्ञ आणि अर्पण संपले. त्यांची जागा प्रार्थनेने आणि स्मरणाने घेतली. गोव्याला पर्यायी जागा मिळाली आणि तीही जवळच मिळाली. हा इतिहासातला केवढा मोठा फरक आहे, याची जाणीव आपल्याला असायला हवी.

समुद्रावरच्या यात्रेकरूंनाही पोर्तुगीज सत्तेची झळ बसली. हजला जाणाऱ्या जहाजांना त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. 1613 मध्ये तर त्यांनी जहांगीर बादशहाच्या आईच्या मालकीचे ‘रहीमी’ हे जहाज सुरतेजवळ पकडून गोव्यात आणले, आणि मोगलांशी मोठे वितुष्ट ओढवून घेतले.

आणि तरीही, आज गोव्यातला सर्वांत मोठा यात्रेकरूंचा ओघ जुने गोवे येथे जातो. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या एका बेटावर वारले. दीड वर्षाच्या आत त्यांचे शव गोव्यात आले. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले. दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये झाले. त्यांच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चमधल्या सणाच्या, दिवसांत सिंधुदुर्ग-बेळगावकडून पायी चालत येणारे जथे हमरस्त्यावर दिसतात, त्यांत हिंदूही असतात. याच झेवियरांनी 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, मागितले होते. ते 1560 मध्ये आले आणि मधला छोटा खंड सोडला तर 1812 पर्यंत राहिले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली सांगताना दुसरी लपवणे मला पटत नाही, आणि दुसरी सांगून पहिल्यातल्या श्रद्धेचा अपमान करणेही पटत नाही.

लोकांनी यावर आपला तोडगा फार पूर्वी काढला. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी, असे इथला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, आणि लईराईकडून तिला मोगरा जातो. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, रंगीत लोकरीने मढवलेली वेताची काठी हातात घेऊन तळीत स्नान करतात आणि पहाटे होमखणाच्या, म्हणजे पेटवलेल्या मोठ्या होमाच्या, निखाऱ्यांवरून जातात.

मराठी संतांना यात्रेची ओढ होती, तशी शंकाही होती. ‘जाऊनियां तीर्था काय तुवां केलें । चर्म प्रक्षाळिलें वरी वरी’ असे विचारणारे तुकोबा स्वतः पंढरीचे वारकरी होते. आपल्या गोव्याकडचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये कुलकर्णीपण सोडून उत्तरेत तीर्थाटनाला गेले. अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको, हे त्यांचे सांगणे गोव्यातल्या भजनांत आजही ऐकू येते. आषाढीला गोव्यातूनही दिंड्या पंढरीकडे निघतात, आणि ज्यांना जमत नाही ते साखळीच्या विठ्ठलापुढे उभे राहतात.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा आज फातर्प्याला आहे. 15 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना मारले. त्यानंतर पोर्तुगिजांनी बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. गावकरीतील, म्हणजे गावच्या मूळ मानकऱ्यांतील, अनेक घराणी पुढे ख्रिस्ती झाली. पण दरवर्षी शिगम्याच्या सुमारास देवी गुलालाच्या धुळवडीत फातर्प्याहून कुंकळ्ळीला आपल्या मूळ गावी येते. सोंत्र्यो म्हणतात त्या या मिरवणुकीत बारा वांगडांच्या, म्हणजे गावकरांच्या बारा कुळांच्या, बारा छत्र्या असतात, आणि वांगडांपैकी ख्रिस्ती गावकरांचाही त्यात मान आहे.